रेडखारचं दुसरं बारसं

इतिहासाच्या पुस्तकांत गावांची नावं मोठ्या कारणांनी बदलतात. एक राजा हरतो, दुसरा जिंकतो, एखादी नदी पात्र सोडते, एखादं साम्राज्य आवराआवर करून समुद्रापार निघून जातं. आमच्या वस्तीचं नाव बदललं ते अध्यक्षांच्या मुलाचं लग्न जमेना म्हणून.

अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या सोसायट्यांच्या महासंघाचे अध्यक्ष. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, पण नोकरीची भाषा त्यांनी घरी आणली होती. लिफ्ट बंद पडल्याची सूचनाही ते 'सन्माननीय सभासदहो' अशी सुरू करत, आणि ती सूचना वाचून होईपर्यंत लिफ्ट पुष्कळदा सुरू झालेली असे. त्यांचा मुलगा चांगला होता. खारघरच्या कॉलेजात शिकलेला, बरी नोकरी असलेला, आणि वडिलांपेक्षा खूपच कमी बोलणारा. लग्न जुळवायच्या साइटवर त्याची सगळी माहिती होती, आणि पत्त्यात आमच्या वस्तीचं नाव होतं: रेडखार.

पुण्याच्या एका मुलीच्या आईनं फोन करून विचारलं की रेडखार म्हणजे नक्की काय, आणि तिथे पाणी रोज येतं का. दुसऱ्या एका घरानं तबेला किती लांब आहे याची चौकशी केली. तिसऱ्यांनी फोनच केला नाही, आणि अध्यक्षांच्या मते त्यालाही रेडाच जबाबदार होता. त्यांनी असाधारण सभा बोलावली. विषय एकच: नामांतर.

खरं तर नाव वाईट नव्हतं. खार म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली भातजमीन. तसली जमीन आमच्या इमारतींखाली अजून आहे, आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये वर येऊन ती आठवण करून देते. रेड्याबद्दल मी स्वतः एक उपपत्ती तयार केली होती. जुन्या काळी बांधावरची माती तुडवायला रेडे वापरत असावेत, असं माझं मत होतं. मतामागे पुरावा काही नव्हता, पण पुस्तकं पुष्कळ होती. सभेत उभी राहून मी हे सगळं सांगितलं आणि नाव राहू द्यावं असं म्हटलं. लाइट जाण्याचे फायदे सांगणाऱ्या माणसाकडे लोक जसे बघतात, तसे सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मग सूचना सुरू झाल्या. पहिली सूचना एका देवाची आली. लगेच दुसऱ्या देवाचे भक्त उभे राहिले आणि आमच्या देवानं काय घोडं मारलंय असं विचारू लागले. म्हणून सभा महापुरुषांकडे वळली. तर जवळपास सगळ्या महापुरुषांच्या कुठल्या ना कुठल्या चौकात, उड्डाणपुलावर किंवा बस डेपोवर नेमणुका झालेल्या होत्या, आणि जो एक रिकामा सापडला त्याच्याबद्दल सभेतल्या दोन घराण्यांचं पिढीजात भांडण होतं. फुलांची नावं निघाली. ती इमारतींना आधीच देऊन संपली होती. एका तरुण सभासदानं 'न्यू रेडखार' सुचवलं, तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "म्हणजे रेडाच, पण नवा."

शेवटी तडजोड झाली. संस्कृतवाल्यांनी एक शब्द घ्यावा, इंग्रजीवाल्यांनी एक, आणि कचेरीत कागद हलावा म्हणून शेवटी एक सरकारी शब्द असावा. अशा रीतीनं आमच्या वस्तीचं नाव 'स्वर्णसागर हाइट्स परिसर' असं ठरलं. सोनं कुणाच्या लॉकरमध्ये असेल ते असो, सागर आमच्या गच्चीवरूनही दिसत नाही. टाळ्या मात्र झाल्या.

एक अडचण उरली. मूळ रेडखारचं गावठाण आमच्या इमारतींच्या मागेच आहे, आणि गावठाणाच्या होकाराशिवाय कमानीवरचं नाव बदलायची कुणाची हिंमत नव्हती. गावठाणात शब्द चालायचा तो एका बाईचा, आणि ती बाई गावठाणात राहतसुद्धा नव्हती. लग्न होऊन ती नाल्यापलीकडच्या गावात गेली होती. माहेरी तिचे तीन भाऊ होते. तिघांनीही भाताच्या शेतांवर इमारती बांधल्या होत्या, तिघांच्याही गळ्यात साखळ्या होत्या, आणि तिघंही बहिणीला घाबरत होते.

ती माझी जुनी घरमालकीण. स्वतःचा फ्लॅट घेण्याआधी आम्ही तिच्या सासरच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. आम्ही राहायला आलो तेव्हा टेम्पोतून पुस्तकांची खोकी उतरताना बघून तिनं विचारलं होतं की स्लॅबला काही होणार नाही ना. तेव्हापासून तिच्या लेखी मी 'पुस्तकवाली' होते. मी तिला काकी म्हणायचे.

अध्यक्षांनी मला तिची समजूत घालायला पाठवलं. मी लगेच तयार झाले, कारण माझा बेत उलटा होता. भूमिपुत्रांची अस्मिता, पूर्वजांचं नाव, मातीशी नातं, असलं सगळं काकींच्या मनात असणारच, त्याला फक्त थोडी हवा द्यायची. बाकीचं काम काकी करतील, आणि अध्यक्ष परत लिफ्टकडे वळतील.

मी गेले तेव्हा काकी ओट्यावर बसून सुपात सुका जवळा निवडत होत्या. मी गंभीर चेहरा करून सगळं सांगितलं. गावाचं नाव पुसायला निघालेत, म्हटलं. काकींनी सुपातून मान वर केली.

"खरंच बदलतील? का नुसत्याच सभा?"

मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही बदलणार.

"मी कशाला नको बोलू?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चांगला काम हाय. कवा बदलतान?"

माझी तयारी वाया चालली होती. मी बांध, माती आणि रेडे यांची उपपत्ती सांगून बघितली.

"बांध तुडवाला रेडा नाय लागत, मानसा लागतात," काकी म्हणाल्या. "एक रेडा चिखलात रुतला व्हता. निंगाला नाय. म्हनून रेडखार. माज्या आज्यानं बगितलेला."

इतक्यात अंगणापलीकडून त्यांच्या धाकट्या जावेची हाक आली. "गो रेडखारीन, तुजी मांजर माज्या घरात आयलीय."

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे बोलायची गरज राहिली नाही. तरीही त्या बोलल्या. त्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. माहेरच्या गावानं मारतात. काकी आल्या त्या दिवसापासून रेडखारीण झाल्या. सासू म्हणायची, दीर म्हणायचे, पुढे नातवंडांचे मित्रही 'रेडखारीनच्या घरी क्रिकेटचा बॉल गेलाय' असं म्हणायला लागले. हेही एक वेळ चाललं असतं, पण धाकटी जाऊ आली ती नेमकी मोतीपाड्याची. एकाच अंगणात एक मोतीपाडकरीण आणि एक रेडखारीण. हळदीकुंकवाला, बारशाला, मासळीच्या टोपलीभोवती, सगळीकडे ही जोडी एका दमात पुकारली जायची, आणि धाकटी जाऊ मोत्यासारखी हसायची.

आता काकींच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. हळदीला धवलारीण येणार होती. आगरी लग्नात गाणी म्हणत विधी पार पाडते ती धवलारीण. भटजींचं काम तिच्यानंतर सुरू होतं आणि तिच्यापेक्षा लवकर संपतं. काकींच्या घरची रीत अशी की धवलारीण गाण्यात एकेका सुनेच्या माहेरगावाचं नाव घेते, आणि आपलं गाव ऐकल्यावरच ती बाई उठून नवरदेवाला हळद लावते. नाव घेतल्याशिवाय कुणी जागेवरून हलत नाही.

"पहिला मान माजा," काकी म्हणाल्या. "आख्ख्या मांडवात मना रेडखारची बोलनार. नातसुनेच्या माहेरची मानसा ऐकनार. यंदा नाय ऐकायचा मना."

"पण काकी, जुनं नाव..."

"तुला कोन रेडखारीन बोलतो?"

"कुणी नाही."

"मंग गप बस."

मी उठले. घरी येताना लक्षात आलं, की मला ते नाव जपावंसं वाटत होतं याचं मुख्य कारण म्हणजे त्या नावानं मला कुणी हाक मारत नव्हतं.

पुढचं काम काकींनीच केलं. तिन्ही भावांना बोलावून घेतलं, चहा दिला, आणि चहा संपायच्या आत गावठाणाचा होकार मिळाला. अध्यक्षांनी माझ्या 'मुत्सद्देगिरीबद्दल' महासंघाच्या ग्रुपवर आभार मानले. कमान रंगली. बस स्टॉपवर नवी पाटी लागली. नाव इतकं लांब होतं की 'परिसर' दुसऱ्या ओळीत गेला. उद्घाटनाला फीत होती, नारळ होता, आणि अध्यक्षांचं भाषण होतं, ज्यात एका नव्या युगाचा उल्लेख दोनदा आला. युगाच्या मागे उभा असलेला रिक्षावाला 'रेडखार, रेडखार, एक सीट' ओरडत होता, त्याला पुढे जायला सांगण्यात आलं.

हळदीचं आमंत्रण काकींनी पूर्ण महासंघाला दिलं. साक्षीदार हवे होते. अध्यक्ष आले, शर्ट इस्त्रीचा, हातात फोन. वस्तीचं नवं नाव लोकजीवनात प्रथमच गायलं जाणार असल्यामुळे त्याचं चित्रीकरण ते स्वतः करणार होते. त्यांना पुढची खुर्ची मिळाली. मी बायकांमध्ये सतरंजीवर बसले.

ऊन कललं होतं. आगरी हळदीतला डीजे कुणासाठी बंद होत नाही, पोलिसांसाठीही कुरकुरत होतो, पण धवलारणीनं नुसतं त्या दिशेनं बघितलं आणि तो बंद झाला. काटक, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू असलेली बाई. काकींनी तिला आधीच नवं नाव सांगून ठेवलं होतं. ते ऐकून तिनं काय म्हटलं असेल ते मला माहीत नाही, पण ती काकींकडे बघत नव्हती.

नातू पाटावर बसला. धवलारणीनं सूर लावला.

"हलद लावाला कोन आयली? स्वर्नसागर..."

इथे चाल संपली आणि नाव उरलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. या खेपेला 'हाइट्स'पर्यंत पोचली आणि श्वास संपला. तिसऱ्यांदा तिनं चाल सोडूनच दिली आणि बस कंडक्टरसारखं एका दमात म्हणून टाकलं, "स्वर्नसागर हाइट्स परिसराची थोरली सून आयली."

बायकांमध्ये हसू फुटलं, पण काकी उठल्या. जरीची साडी सावरत, मान ताठ ठेवून, जसं काही जन्मापासून त्या परिसराच्याच होत्या, अशा गेल्या आणि नातवाच्या दोन्ही गालांना हळद लावली. अध्यक्षांचा फोन वर होता. त्यांनी तिथल्या तिथे चित्रफीत ग्रुपवर टाकली. खाली अंगठ्यांची रांग लागली.

पुढचा मान धाकट्या जावेचा. ती उठायच्या तयारीत, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. धवलारीण थांबली.

"मोतीपाड्याच्या पाटीवर आता काय हाय?" तिनं सगळ्यांना विचारलं.

एक मुलगी म्हणाली, "सेक्टर सव्वीस."

"एकीला पाटीवरचा नाव, तर सगल्यांना पाटीवरचा. माज्या मांडवात दोन कायदे नाय." आणि तिनं सूर लावला, "हलद लावाला कोन आयली? सेक्टर सव्वीसची सून आयली."

वाईट म्हणजे हे चालीत चपखल बसलं. इतकं की ढोलकीवाल्यानं आपण होऊन एक तिहाई घेतली. मोतीपाडकरीण पाटापर्यंत गेली ती सरकारी नोटीस मिळाल्यासारख्या चेहऱ्यानं. काकी पदरामागे हसत होत्या. इतक्या वर्षांचं हसू एका पदरात मावत नव्हतं.

मग गाडी थांबेना. तळोज्याकडची सून 'फेज दोनची' म्हणून गायली गेली. तिच्या शेजारची 'मेट्रो डेपोची'. एकीचं माहेर अख्खं एका निवासी संकुलात गेलं होतं, तिच्या वाट्याला एका स्पॅनिश शहराचं नाव आलं, ते धवलारणीनं आपल्या पद्धतीनं म्हटलं आणि त्या सुनेनं आपलं म्हणून ओळखलंच नाही. पेणकडच्या सुनेचं गाव मात्र जसंच्या तसं होतं. पाटीही जुनीच. सगळ्या बायका नव्या नावांनी मिरवत असताना आपल्याच गावाला कुणी का विचारलं नाही, म्हणून ती बिचारी हिरमुसली. हसून हसून एकीच्या हातातली हळदीची वाटी सांडली.

शेवटचा मान घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचा होता. काकींची चुलत सासू. कान जरा कमी, डोळे ठीक. ती मगापासून हळदीची वाटी मांडीवर धरून बसली होती. तिचं माहेर उलव्याच्या बाजूचं खाजणपाडा. ते गाव आता नाही. तिथे विमानतळ आहे.

धवलारणीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"एअरपोर्टची बोला," एक पोरगी म्हणाली.

"एअरपोर्ट मोठा हाय. रनवेची बोला," दुसरी म्हणाली.

यावरही हसू झालं, पण ते आधीइतकं लांबलं नाही. म्हातारी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. कुणीतरी काहीतरी म्हणतंय एवढं तिला कळत होतं, पण आपलं गाव घेतलं का ते ऐकू येत नव्हतं. ती अर्धवट उठली, पुन्हा बसली.

"मना बोलवनार हाय का नाय?" तिनं विचारलं.

धवलारीण काकींकडे बघत होती. प्रथमच सरळ.

काकींनी पदर खाली घेतला. "खाजनपाड्याची बोल," त्या म्हणाल्या.

"पाटीवर नाय."

"पाटी रस्त्यावर. हलद माज्या दारात." काकींनी पुढच्या खुर्चीकडे, फोनकडे, नातसुनेच्या माहेरच्या माणसांकडे बघितलं. मग एखाद्या गिऱ्हाइकाला मनाविरुद्ध भाव कमी करून द्यावा तसं म्हणाल्या, "आन पैल्यापासून घे. मना रेडखारची बोल."

धवलारणीनं कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. रेडखारची थोरली सून आयली. रेडखार चालीत असं बसलं जसं चिखलात पाऊल. काकी पुन्हा उठल्या, पुन्हा गालांना हळद. मग मोतीपाडा. जाताना धाकटी जाऊ काकींच्या कानाशी वाकली, आणि मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"वाचवलास गो रेडखारीन. मी सेक्टरात मेले असते."

"मेली असतीस तर बरा झाला असता," काकी म्हणाल्या, आणि तिच्याही गालाला हळद फासली.

फेज दोन पुन्हा आपल्या गावाला गेली, डेपोतली सून डेपोतून बाहेर आली, पेणकडची जिथे होती तिथेच राहिली, पण यावेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. शेवटी खाजणपाड्याची हाक आली, इतक्या जोरात की कमी कानांनाही चुकली नसती. म्हातारी उठली. वाटी घेऊन सावकाश पाटाकडे गेली, आणि नातवाच्या कपाळाला हळद लावून तिथेच उभी राहिली, दुसऱ्या कुणाची घाई नसल्यासारखी. नातू तोवर दोनदा हळद लागून पिवळाधमक झाला होता, फक्त डोळे तेवढे ओळखू येत होते.

डीजे परत सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत अध्यक्ष माझ्याजवळ आले. त्यांना गाण्यातली बोली कळली नव्हती. पहिल्या ओळीनंतर ते ग्रुपवरचे अंगठे बघत होते.

"मॅडम, मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून का घेतलं?"

मी काकींकडे बघितलं. त्या खाजणपाड्याच्या म्हातारीला खुर्ची देत होत्या.

"वन्स मोअर मिळाला, साहेब," मी म्हटलं.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं मी?" ते म्हणाले. "नावात दम आहे."